देवाची फुलं, डोळ्यांची फुलं: इंदूरच्या एका अंगणाचं प्रकरण

वहिनीचा फोन आला तो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. "अगं, तू लोकांच्या बागा लावून देतेस, आमच्याकडे एकदा येऊन बघ. दोन वर्षं झाली, अठरा हजार मातीत घातले आणि बागेत फूल म्हणून दिसत नाही."

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. रामबागेतलं जुनं घर विकल्यावर या मंडळींनी शहराच्या पूर्वेला, एका नव्या कॉलनीत ३० बाय ५०च्या प्लॉटवर दुमजली घर बांधलं. घर उत्तरमुखी. वास्तुवाल्याने पाठ थोपटली होती म्हणे. पुढे १२ फूट खोल अंगण, त्यातले ११ फूट रुंदीचे गाडीने घेतलेले, उरलेल्या १९ फुटांत बाग. पूर्वेला चार फुटांची गल्ली, तिच्या पलीकडचा प्लॉट अजून रिकामा. वर गच्ची, तिथे वाळवण आणि पाण्याची टाकी.

सकाळी दहाला पोचले तेव्हा दृश्य खरोखरच केविलवाणं होतं. पेटुनियाच्या बारा कुंड्या (आम्ही इंदूरचे मराठी लोक गमलेच म्हणतो, इथे कुंड्या लिहिते), सगळ्या नुसत्या लांबट, बावळट वाढलेल्या. सहा गुलाब, काड्या झालेले. शेवंतीची पाच झाडं हिरवीगार, पण कळीचा पत्ता नाही. बोगनवेल पानांनी गच्च. अनंताची पानं पिवळी. लॉनचे तुकडे होते, त्यांवर शेवाळ. कोपऱ्यात मोगरा झोपलेला, पण तो डिसेंबरात झोपायलाच हवा, त्याचं काही नाही. गल्लीच्या तोंडाशी जास्वंदीची दोन झाडं आणि एक तगर, तीही हिरवी आणि रिकामी.

माळी दर रविवारी येत होता. खत, औषध, पाणी, कशात कमी नव्हतं. नर्सरीवाल्यानेही फसवलं नव्हतं. झाडं आणली तेव्हा फुलांनी लगडलेली होती, आणि तीच तर गोम होती. फुललेलं झाड विकत घ्यायचं, जिथे जागा दिसेल तिथे ठेवायचं, पंधरा दिवस आनंद करायचा. नंतर झाड त्या जागेच्या स्वभावावर जातं.

मी जास्वंदीपाशी उकिडवी बसले. फांद्यांवर सात देठ होते, फूल एकही नाही. देठाच्या टोकाला नख लावलं तर ओलसर. गळलेल्या फुलाचा देठ असा नसतो. जास्वंदीचं फूल सुकलं की देठासकट, गुंडाळी होऊन खाली पडतं. ही फुलं त्याच दिवशी खुडलेली होती. वहिनीला काही बोलले नाही. "आज रात्री इथेच राहते," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, अजून धड उजाडलंही नव्हतं, मागच्या दाराची कडी वाजली. मामी. अंगावर शाल, एका हातात परडी, दुसऱ्या हातात टोकाला तार वाकवून बांधलेली आकडी. दहा मिनिटांत जास्वंदी संपल्या, तगर संपत आली. एवढ्यात कंपाउंडच्या बाहेरून एक हात आत आला. मॉर्निंग वॉकवाले एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत आमचीच तगर भरत होते. मामींनी त्यांना "राम राम" केला, त्यांनीही केला. रोजची ओळख असावी.

वहिनी उठून चहा ठेवते सातला. म्हणजे दोन वर्षं या घरात फुलं येत होती आणि सूनबाईंनी ती फक्त देवघरात, गंध लावलेली पाहिली होती.

यावर घरात मोठं महाभारत झालं असतं, पण मामी आधीच म्हणाल्या, "देवाला फूल नको का? मग झाड लावायचं कशाला?" प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे अंगणात फुलझाड येतं ते आधी देवासाठी. ते बघण्यासाठी ठेवायचं ही चाल पुढची. मामींना दटावून बाग सुधारणार नव्हती. बागेतच दोन खाती उघडायला हवी होती.

मी त्या दिवशी कागदावर झाडांची नावं लिहिली नाहीत, घरातल्या माणसांची लिहिली, आणि प्रत्येकापुढे तो बाग केव्हा, कुठून बघतो ते. मामी: पहाटे, परडी घेऊन. वहिनी: बँकेतली नोकरी, साडेनऊला बाहेर, सातला घरी, पण सकाळी सात ते साडेआठ ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असते, डबे करत, आणि ती खिडकी उघडते पूर्वेच्या गल्लीत. गल्लीत काय होतं? पाण्याची मोटर, एक मोडकी सायकल, फरशीचे उरलेले तुकडे. दादा: रात्री जेवण झाल्यावर पोर्चमधल्या झोपाळ्यावर, नऊ ते दहा. माळव्यातल्या रात्रींची थोरवी काय सांगायची. मे महिन्यातही दिवसभर ४२ अंशांत भाजल्यावर रात्री वारा सुटतो आणि माणूस बाहेर बसतो. नात चार वर्षांची, ती दिवसभर, जमिनीपासून दीड फुटावरून.

म्हणजे पुढची बाग घरच्या मंडळींनी नीट बघितली तर रात्री नऊला. आणि तिथे लाल गुलाब, जांभळा पेटुनिया! अंधारात लाल रंग सगळ्यांत आधी काळा होतो, आणि गडद जांभळाही फारसा दिसत नाही.

सावलीचा हिशेब

पेटुनिया का रडत होता, ते कळायला खडू पुरला. दुपारी बारा वाजता घराची सावली जिथे संपते तिथे रेघ मारायची होती. रेघ मारायला अंगणात जागाच उरली नाही. सावली अंगण ओलांडून, कंपाउंड ओलांडून रस्त्यावर गेलेली. कर्कवृत्त आपल्या उज्जैनच्या अंगाने जातं आणि इंदूर त्याच्या किंचित दक्षिणेला, साधारण २२.७ अंशांवर. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर येतो, तोही दक्षिणेकडे. कठड्यासकट २३ फूट उंच घराची सावली तेव्हा उत्तरेला २४ फूट पडते. अंगण १२ फूट. म्हणजे आख्खी थंडी त्या बागेला ऊन नाही. आणि पेटुनिया, फ्लॉक्स, पॅन्झी, कॅलेंड्युला, जे जे नर्सरीत नोव्हेंबरात डोळे दिपवतं, त्या सगळ्यांना थंडीतलंच ऊन हवं, दिवसाला पाच-सहा तास.

उन्हाळ्यात मात्र हेच अंगण पालटतं. एप्रिलच्या मध्यावर दुपारची सावली पाच फुटांवर येते. जूनमध्ये सूर्य डोक्यावर, थोडासा उत्तरेकडे झुकलेलाच, आणि सकाळ-संध्याकाळ तर तो उत्तरेच्या बाजूनेच येतो-जातो. थंडीत पूर्ण सावली, एप्रिल ते ऑगस्ट चांगलं ऊन. अशा जागेत जन्म काढू शकेल असं झाड कोणतं? जे थंडीत झोपतं आणि उन्हाळ्यात फुलतं. कोपऱ्यातला मोगरा. दोन वर्षं तो तिथे बरोबर उत्तर घेऊन बसला होता आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मामींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मोगऱ्याला माघात पाणी तोडायचं असतं, ते तुमच्या माळ्याला माहीत आहे का? तो दर वेळी पाइप सोडतो." माळ्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मीही ते एवढ्या नेमक्या शब्दांत सांगितलं नसतं. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. थंडी सरता सरता पाणी कमी करून छाटला की नवी फूट जोरात येते आणि तिच्यावर कळ्या. रामबागेतल्या मागच्या अंगणात मामींनी हे तीस वर्षं केलं होतं. नव्या घरात त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

शेवंतीचा गुन्हेगार वेगळा निघाला. ती अंगणात नव्हती, फाटकाच्या खांबाशी होती, आणि खांबावर अंधार पडला की आपोआप लागणारा पांढरा एलईडी. शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब आणि सलग काळोखी झाली तरच ती कळी धरते. डोक्यावर रात्रभर दिवा, म्हणजे तिच्या दृष्टीने उन्हाळा संपलाच नव्हता. पाच कुंड्यांपैकी दिव्यापासून सर्वांत दूर, खांबाच्या आडोशाला असलेल्या कुंडीत खाली वाकून बघितलं तेव्हा एका फांदीला दोन कळ्या सापडल्या. दादाला बोलावून दाखवल्या. तो इंजिनिअर, दोन वर्षांत बागेतली पहिली गोष्ट त्याला मनापासून पटली.

माती, पाणी आणि एक जुनी इंदुरी विद्या

माती खणली तर वर सहा इंच काळी आणि खाली बांधकामाचा रॅबिट: विटांचे तुकडे, सिमेंट, चुना. चिमूटभर माती बशीत घेऊन वर व्हिनेगर टाकलं, फेस आला. चुना भरपूर. त्यात पाणी बोअरचं. कुंड्यांच्या कडांना पांढरी पुटं चढलेली. अनंताला आंबट माती लागते. अशा चुनखडीत लोह असूनही त्याच्या मुळांना उचलता येत नाही, म्हणून पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. माळी ते खताची कमी समजून युरिया देत होता.

काळ्या मातीचा दुसरा स्वभाव आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तडकते, आणि तडकताना मुळं तोडते. तिच्यात घमेलंभर वाळू मिसळून उपयोग नाही, उलट घट्ट वीट होते. आम्ही खालचा रॅबिट काढला, सव्वा फूट उंच वाफा विटांनी बांधला आणि त्यात काळी माती, बारीक मुरूम आणि कुजलेलं खत सारख्या वाट्याने भरलं.

खतावरून वहिनीशी माझं जरा वाजलं. रोज सकाळी महापालिकेची गाडी गाणं वाजवत येते, वहिनी ओला कचरा, सुका कचरा निगुतीने वेगळा करून देते, आणि मग रविवारी माळ्याकडून शेणखताची गोणी विकत घेते. भाजीची देठं दारातून बाहेर, खत विकत आत! हे अन्य गावी चाललं असतं, इंदुरात चालू नये. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून १९३१ पर्यंत याच शहरातल्या वनस्पती संशोधन संस्थेत होते, आजचं कृषी महाविद्यालय ते तिथलंच. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इथे खताची जी रीत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. झाडपाल्याचा थर, शेणाचा थर, लाकडाची राख आणि गोमूत्राने भिजलेली माती, ओल बेताची, अधूनमधून उलथायचं, तीन महिन्यांत खत. घरी गोठा नाही, म्हणून आम्ही गच्चीवर भोकं पाडलेले दोन ड्रम ठेवले: भाजीची देठं, वाळका पाला, मूठभर जुनं खत, मामींच्या निर्माल्याची फुलं. वास येईल ही वहिनीची भीती होती. पाला कमी पडला की येतो, खोटं कशाला बोलू. दोनदा आला.

वाटण्या

मग झाडांच्या वाटण्या केल्या, मामींच्या समोर बसून. नियम एकच ठरला: ज्याचं फूल एकच दिवस टिकतं ते देवाचं. जास्वंद सकाळी उमलते, दुसऱ्या दिवशी गुंडाळते. गोकर्णाचंही तसंच. पारिजात तर स्वतःच पहाटे खाली टाकतो. ही फुलं खुडल्याने झाडाचं काही जात नाही. गोकर्ण खुडली नाही तर शेंगा धरते आणि फुलणं मंदावतं. जी फुलं झाडावर काही दिवस राहतात, शेवंती, गुलाब, पेटुनिया, ती डोळ्यांची. मामींनी हे ऐकून विचारलं, "आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी?" गुरुवारी झेंडू, असं ठरलं. झेंडू मध्येच बसतो. टिकतोही आणि खुडल्यावर आणखी फुटतोही.

पूर्वेची गल्ली मामींची आणि वहिनीची सामाईक झाली. सायकल गेली, मोटरीला जाळीदार झाकण आलं. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, कंपाउंडच्या भिंतीला जाळी ठोकून त्यावर निळी गोकर्ण. खाली लांब कुंड्यांत झेंडू आणि पांढरी सदाफुली. दोन्ही जास्वंदी तिथेच राहिल्या. सगळं कुंड्यांत, जमिनीत काही नाही, कारण पलीकडचा प्लॉट उद्या बांधला की सकाळचं ऊन जाणार आणि तेव्हा हे सगळं उचलून न्यावं लागेल. निळं आणि पिवळं, बस्स. वहिनीला तिथे आणखी चार रंग हवे होते, मी अडून बसले. चार फुटांच्या गल्लीत सहा रंग म्हणजे सेलमधला साड्यांचा ढीग.

पुढचं अंगण रात्रीचं. मागे कंपाउंडला लागून तगरीची रांग, तिच्यापुढे दोन-दोन फुटांवर मोगऱ्याची नऊ झाडं, कडेला पावसाळी लिली आणि निशिगंध. सगळं पांढरं. रातराणी एकच, फाटकाच्या टोकाला, कारण तिच्या वासाने मामींचं डोकं दुखतं. दादाला पिवळी कण्हेर हवी होती, रामबागेत होती म्हणून. तिच्या पानापासून बीपर्यंत सगळं विषारी आणि घरात सगळं तोंडात घालणारी चार वर्षांची मुलगी, कण्हेर नाही. खांबावरचा एलईडी काढून झोपाळ्यापाशी बटणावरचा पिवळसर दिवा लावला.

गुलाब, शेवंती, पेटुनिया गच्चीवर गेले. बोगनवेलही, गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ड्रममध्ये. पान मलूल झाल्याशिवाय तिला पाणी द्यायचं नाही ही माळ्याला ताकीद. रोज पाणी मिळालं की ती पानांतच रमते. फेब्रुवारीत कठड्यावरून खाली रंग सांडला तेव्हा माळ्याने येऊन मला विचारलं, "दीदी, कौन सी दवाई डाली?"

पण गच्चीवर बघायला कोण जातं? कपडे वाळत घालणारी बाई. म्हणून गच्ची ही बाग नाही, कोठार आहे. जी कुंडी फुलली ती खाली, पोर्चच्या पायऱ्यांवर. आठ-दहा दिवसांनी परत वर आणि दुसरी खाली. शेवंतीच्या कळ्यांना एकदा रंग दिसू लागला की मग दिव्याने बिघडत नाही, ती खुशाल झोपाळ्याजवळ ठेवता येते. दादाची कंबर लक्षात घेऊन दहा इंची प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि मातीत नारळाचा भुसा. मातीच्या कुंड्या देखण्या असतात, मान्य. जिने चढून बघा.

बाहेरच्या हाताचं काय करायचं, यावर मामींनीच तोडगा काढला. कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला एक जास्वंद आणि एक तगर. "त्यांचाही देव आहे." चोरी निम्म्यावर आली. उरलेल्या निम्म्यांना आतलीच फुलं गोड लागतात.

माझी चूक

वाफ्याच्या विटा मिस्त्रीने सिमेंटने दरजा भरून अगदी सफाईने बांधल्या आणि मी त्या सफाईवर खूश होऊन पाणी निघायला भोकं ठेवायचं विसरले. पंधरा वर्षं हे काम करते आहे, तरीही. जुलैत चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी वहिनीने फोटो पाठवला: वाफ्याचा हौद झालेला, वर लिलीची पानं तरंगताहेत. निशिगंधाचे चोवीस कंद लावले होते, अठरा कुजले. मोगऱ्याची दोन झाडं गेली. ड्रिलने तळाशी फुटाफुटावर भोकं पाडून आतून जाळी लावली, ते पैसे मी घेतले नाहीत.

अनंत मात्र सुधारला नाही. मोठ्या कुंडीत पालापाचोळ्याच्या खतात लावला, नर्मदेचं पाणी नळाला एक दिवसाआड येतं ते त्याच्यासाठी बादलीत राखून ठेवलं, लोहाची फवारणी केली. पानं हिरवी झाली, कळ्या धरल्या आणि मेच्या झळांत गळून पडल्या. यंदा त्याला जिन्याखाली, सकाळच्या कोवळ्या उन्हात हलवलं आहे.

मोगरा त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी लागला आणि जूनपर्यंत चालला. इथे वाटणीचा नियम मोडावा लागला, कारण मोगरा देवाचाही आणि गजऱ्याचाही. वहिनी संध्याकाळी सातला घरी येते त्याच वेळेला कळ्या फुगलेल्या असतात. ती अर्ध्या खुडते, अर्ध्या ठेवते. रात्री नऊला झोपाळ्यावरून बघितलं तर तगर आणि मोगरा पिठूर दिसतात, बाकी अंगणाला रंगच नसतो. दादा म्हणतो, त्याने बातम्या बघणं सोडलं. वहिनी म्हणते, मोबाइलवर बघतो.

शेवंतीची लावण मी पुन्हा केली: जुन्या झाडांचे फुटवे काढून, पावसाळ्यात शेंडे खुडून, गच्चीवर, दिव्यापासून लांब. बारा कुंड्या झाल्या. ऑक्टोबरच्या मध्यात छाटलेले गुलाब डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले आणि शेवंती त्यांच्याबरोबरच. वहिनीने फोन करून बोलावलं, "ये, पायऱ्या बघ."

सकाळी दहाला गेले, मुद्दाम त्याच वेळेला. पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी शेवंती, पिवळी आणि पांढरी. मोजल्या. अकरा कुंड्या फुलांनी भरलेल्या. बारावी भिंतीच्या बाजूला फिरवून ठेवली होती. मी ती वळवली. पाच देठ, टोकं ओली.

त्या दिवशी गुरुवार होता.